नऊ ठिपके आणि एक बैल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या संस्थेच्या दिपमाला मॅडम म्हणतात, "मोनाली, तुझ्या रागाचं वेगळं तिकीट काढत जा." त्या मंगळवारी जळगावहून अमळनेरला जाताना मला खिडकीची जागा मिळाली होती, पोटात गरम पोहे होते, तरी मी चिडलेलीच होते. मांडीवरच्या निळ्या पेटीत एक चष्मा होता. तो मी पुना नानांच्या डोळ्यांवर तिसऱ्यांदा चढवायला निघाले होते, आणि पहिल्या दोन्ही वेळी नानांनी माझी पार फजिती केली होती.

चष्मा म्हणजे नुसती चौकट, काचा नाहीत. खालच्या कडेला तांदळाएवढे दोन कॅमेरे असतात, ते माणसाच्या डोळ्यांकडे बघतात. नाकाच्या वर तिसरा असतो, तो माणसाच्या पुढ्यात काय आहे ते बघतो. हा चष्मा लावून समोरच्या स्क्रीनवरच्या अक्षरावर क्षणभर नजर रोखली की ते अक्षर उमटतं, आणि शब्द झाला की मशीन तो मोठ्याने बोलतं. हात, पाय, जीभ काहीच चालत नसेल तरी चालतं. डोळे तेवढे शाबूत हवेत.

पण आधी चष्म्याला त्या माणसाच्या नजरेची ओळख करून द्यावी लागते. स्क्रीनवर एकामागून एक नऊ ठिपके येतात, माणसाने फक्त त्यांच्याकडे बघायचं. बाहुली इथे आली म्हणजे माणूस तिथे बघतोय, असं मशीन शिकतं. आमच्या संस्थेत याला कॅलिब्रेशन म्हणतात, लोकांच्या घरी मी जुळणी म्हणते. आजवर सतरा जणांची जुळणी मी केली होती. त्यातली सर्वात अवघड पाऊण तासात झाली होती, आणि त्या बाईंना तर एकाच डोळ्याने दिसत होतं.

पुना नाना चाळीस वर्षं बैलबाजारात दलाल होते. तीन वर्षांपूर्वी मज्जातंतूंचा आजार जडला. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय, आणि चौदा महिन्यांपूर्वी जीभ. आता ते मान टेकवायच्या खुर्चीत बसून असतात. पापणी एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा मिटली म्हणजे नाही, एवढंच काय ते बोलणं. घरात त्यांची बायको झुंबरबाई. मुलगा सुरतेला, सणावाराला येतो.

पहिल्या खेपेला जुळणी जमली नाही तेव्हा मी पत्र्यावरून येणाऱ्या उजेडाला दोष दिला आणि खिडकीवर गोधडी टांगली. दुसऱ्या खेपेला चष्मा घसरतोय असं मी म्हटलं, आणि तो दोरीने मागे बांधला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग ऑफिसात बसून मी नानांच्या डोळ्यांचं रेकॉर्डिंग हळू करून बघितलं. ठिपका वर डावीकडे आला की नानांची बाहुली निमिषभर तिकडे जायची आणि लगेच खाली उजवीकडे पळून तिथे निवांत बसायची. ठिपका खाली आला की नाना छताकडे. नऊच्या नऊ वेळा तसंच.

मी मॅडमना सांगितलं, "म्हातारा मुद्दाम करतोय. त्यांना बोलायचंच नाहीये."

मॅडम म्हणाल्या, "असेल. आपला नियम तुला माहीत आहे. तीन बैठकांत जुळणी होऊन माणसाने स्वतः एक शब्द लिहिला तर चष्मा त्याचा, नाहीतर यादीतल्या पुढच्याचा. जामनेरच्या रूपाताई वाट बघतायत. तेव्हा तिसऱ्यांदा जा, आणि नाहीच जमलं तर त्यांना बोलायचं नाही, हे त्यांच्या बायकोला तूच सांगून ये."

गाडीत माझा राग होता तो याच्यासाठी. हे मी सांगायचं होतं, आणि झुंबरबाईंना सांगायचं होतं.

त्या दारातच उभ्या होत्या. नानांना आंघोळ घालून, पांढरं धोतर नेसवून, नवी टोपी चढवून बसवलं होतं.

"ये वो आन्डेर," त्या म्हणाल्या. "आज व्हई जाई ना?"

त्या मला त्यांच्या अहिराणीत आन्डेर म्हणजे लेक म्हणतात, मी त्यांना अक्का म्हणते. "बघू, अक्का," मी म्हटलं आणि पेटी उघडली. नानांसमोर स्टँडवर स्क्रीन लावला, माझा लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर ठेवला. लॅपटॉपवर मला दोन चित्रं दिसतात, एकात नानांचे डोळे, दुसऱ्यात नानांच्या पुढ्यातलं सगळं.

मी तयारी करत होते तोवर नानांच्या कपाळावर आठी पडली. अक्कांनी लगेच प्रश्नांची माळ लावली. पानी? दोनदा पापणी. उशी? दोनदा. पाय आखडना? दोनदा. टोपी घट्ट व्हयनी? दोनदा. नाकवर माशी बठनी का? एकदा. अक्कांनी माशी हाकलली आणि माझ्याकडे वळून हसल्या.

"दिनभर हाऊच खेय शे आमना," त्या म्हणाल्या. मग पदराने नानांचं नाक पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "पन चौदा महिना व्हई गयात पोरी. त्यास्ना आवाज कसा व्हता, ते बी आते ध्यानमा येस नही."

मी ठिपके सुरू केले.

पहिला ठिपका वर डावीकडे. नानांची बाहुली निमिषभर तिकडे, मग उजवीकडे खाली. दुसरा ठिपका, तीच तऱ्हा. नऊ झाले, मशीनने लाल फुली दाखवली. मी पुन्हा लावलं, पुन्हा फुली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा नाना दारातून दिसणाऱ्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले.

"नाना!" माझा आवाज चढला. "ठिपका इथे आहे, झाडावर नाही! तुम्हाला बोलायचं आहे की नाही, एकदाच सांगा. नसेल तर मी पेटी उचलते आणि जाते!"

बोलले आणि जीभ चावली. नानांनी पापणी मिटली. एकदाच, पण इतकी घट्ट की डोळ्याच्या कडेला पाणी आलं. त्यांना बोलायचं होतं. मला इतकी लाज वाटली की मी उगाचच पेटीतल्या तारा गुंडाळत बसले.

अक्का रागावल्या नाहीत. "त्यास्नावर नको चिडू," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सवयच शे ती. माले देखाले उनात ना, तवय बी असंच. मी पोहास्नी बशी लई उनू, समोर उभी ऱ्हायनू, आनि ह्या गोठाकडे देखत बठनात. पोहा खपनात, चहा खपना, मन्हाकडे काही देखं नही. मन्ही माय म्हने, पाव्हनाले पोरगी नही, म्हैस पसंत पडनी."

"आणि मग?"

"मंग काय! दुसरा दिन सांगावा उना, पसंत शे. बठ्ठा गाव हासना." अक्कांनी नानांच्या टोपीवर हलकी टपली मारली. "चाळीस वरीस व्हयनात, पन माले आजूनबी वाटस, म्हैसनाकरताच व्हकार दिधा यास्नी."

मी हसले. नानांचे डोळेही हसले, तेवढं त्यांना येत होतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. गोष्ट माझ्या कानावर पडली, डोक्यात काही गेली नाही.

अक्कांनी जेवायचा आग्रह केला. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि वर तेल. चष्मा नानांच्या डोळ्यांवर तसाच होता, रेकॉर्डिंगही चालू होतं. काढायला मन होत नव्हतं. एकदा काढला की तो जामनेरला जाणार होता.

मी दुसरी भाकरी मोडत होते तेवढ्यात नवलभाऊ आले. हे नानांचे शागीर्द. त्यांच्याच हाताखाली बाजार शिकले, आता स्वतः दलाल आहेत, आणि कुठला बैल घ्यायचा असला की आधी त्याचा फोटो आणून नानांना दाखवतात.

"नाना, देखा बरं हाऊ," म्हणत त्यांनी मोबाईल नानांच्या तोंडापुढे धरला. "नशिराबादना शे. मालक म्हनस, एक नंबर बैल शे."

माझं लक्ष सहज लॅपटॉपकडे गेलं आणि घास हातातच राहिला. नानांची बाहुली फोटोवर स्थिर होती. एका जागी थांबली, मग सरळ सरकून दुसऱ्या जागी थांबली, मग तिसऱ्या. पळणं नाही, चोरणं नाही. एखादा मास्तर वही तपासतो तसे नाना तो बैल वरपासून खालपर्यंत तपासत होते. शेवटी त्यांनी दोनदा पापणी मिटली.

"नही ना? माले वाटनंच व्हतं," नवलभाऊ म्हणाले.

मी खरकट्या हाताने उठले. "नवलभाऊ! नाना याच्याकडे इतकं सरळ कसं बघतात? माझ्या ठिपक्याकडे तर ढुंकूनही बघत नाहीत."

"कारन हाऊ त्यास्ले लेवाना नही ना!" बैल घ्यायचा नाही म्हणून सरळ बघायचं, हे नवलभाऊ असं म्हणाले, जसं काही ते शाळेत शिकवतात. "ताई, बाजारमा ज्या बैलवर मन जास, तेनाकडे देखानं नही. देखं का मालकले कयनं, आनि मंग तो भाव चढाई देस. एकदाव चोरीसन देखी लेवानं, मंग आभायकडे देखत ऱ्हावानं. जो लेवाना नही, तेनीच डोया फाडीसन खोड काढानी. नानानी माले पयला दिन हाईच शिकाडं. नजर चुकनी का काठी मारेत पायवर."

सतरा जणांना मी एकच वाक्य सांगत आले होते, आणि नानांनाही तेच सांगितलं होतं, की जे हवं त्याच्याकडे बघा. चाळीस वर्षं ज्या माणसाने हव्या त्या वस्तूकडे बघायचंच नाही, हा धर्म पाळला, त्याला! नाना मला हट्टीपणा दाखवत नव्हते. त्यांना तो चष्मा जिवापाड हवा होता, आणि म्हणूनच त्यांची नजर ठिपक्यावर ठरत नव्हती.

"नाना," मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, "माझं चुकलं. मगाशी ओरडले त्याबद्दल माफ करा."

एकदा पापणी. वर 'आता कळलं का' असे डोळेही फिरवले. ते मला मान्यच होतं.

नवलभाऊंचा फोटो मी लॅपटॉपवर घेतला आणि नानांसमोरच्या स्क्रीनवर मोठा करून लावला. बैल आडवा उभा होता, स्क्रीनभर. त्याच्या अंगावर मी नऊ जागा नेमल्या. दोन शिंगांची टोकं, नाकपुडी, वशिंड, पाठ, पोट, पुढचा खूर, मागचा खूर आणि शेपटीचा गोंडा. ठिपका एकही दाखवला नाही.

"नाना, हा बैल आपल्याला घ्यायचा नाही. मालक बळेच गळ्यात मारतोय. एकेक खोड, एकेक दोष बघून घ्या. डावं शिंग कसं आहे?"

बाहुली सरळ डाव्या शिंगावर गेली आणि ठाम राहिली. मी बटण दाबलं.

"उजवं?"

बाहुली उजवीकडे.

"वयेल शे," मागून नवलभाऊ म्हणाले. वाकलेलं शिंग मलाही दिसलं.

"तुम्ही गप्प बसा. वशिंड? पाठ? पोट?"

नवलभाऊ काही गप्प बसले नाहीत. प्रत्येक जागेला ते बैलाची निंदा करत होते, अक्का पदराआड हसत होत्या आणि नाना तर रंगातच आले होते. मागच्या खुरावर ते इतका वेळ रेंगाळले की मलाच म्हणावं लागलं, "झालं नाना, कळलं, खूर भिकार आहे." शेपटीच्या गोंड्यावर नववं बटण दाबलं. मशीनने क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण दाखवली. चूक एक अंशाच्या आसपास होती. माझ्या सतरा जणांत इतकी चांगली जुळणी फक्त दोघांची झाली होती.

मी टाळ्याच वाजवल्या. लॅपटॉपवर नानांच्या पुढ्यातल्या चित्रात आता एक लाल गोल आला होता. नाना जिकडे बघतील तिकडे तो गोल जात होता. मी अक्कांना बोलावून दाखवलं. नवलभाऊंकडे बघितलं की गोल नवलभाऊंच्या मिशीवर, झाडाकडे बघितलं की झाडावर.

"म्हणजे अक्का," मला राहवलं नाही, "तुम्हाला बघायला आले तेव्हा नाना गोठ्याकडे का बघत होते, ते कळलं ना आता?"

नवलभाऊ मोठ्याने हसले. अक्कांचा चेहरा लाल झाला. "चाल, काही बी बोलस!" म्हणून त्या तरातरा चहा टाकायला आत गेल्या.

पण काम अजून संपलं नव्हतं. नानांनी स्वतः एक शब्द लिहायला हवा होता. मी स्क्रीनवर अक्षरांची पाटी लावली. "नाना, पाणी लिहा. सोपं आहे. प कडे बघा."

लाल गोल निमिषभर प वर गेला आणि पळाला थेट ज्ञ वर. तिथून बाहेर, झाडावर. पुन्हा प्रयत्न, पुन्हा झाड. खोड काढायची होती तोवर नजर सरळ होती, आता अक्षर हवं म्हटल्याबरोबर चाळीस वर्षांची सवय आडवी आली. नवलभाऊंनी "नाना, अक्षरनी खोड काढा" म्हणून पाहिलं, ते काही पटण्यासारखं नव्हतंच. अर्धा तास गेला. माझी परतीची गाडी पाच वाजताची होती. नाना दमले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि या वेळी मला राग आला नाही, नुसतं रडू येत होतं. इतक्या जवळ येऊन पेटी उचलायची!

"थोडं थांबू," मी म्हटलं. "डोळे मिटा नाना, आराम करा."

अक्कांनी चहा आणला, आमचे कप दिले आणि आपला कप घेऊन स्क्रीनच्या शेजारी उभ्या राहिल्या. नानांनी डोळे उघडले. लॅपटॉपवर लाल गोल झाडावर नव्हता, स्क्रीनवर नव्हता. तो अक्कांच्या चेहऱ्यावर होता. मला वाटलं आता पळेल. पळाला नाही. कपाळावरच्या कुंकवावर थांबला, मग गालावर, मग हनुवटीवरच्या गोंदणावर, आणि तिथेच बसून राहिला.

अक्कांचंही लक्ष लॅपटॉपकडे गेलं. आपल्याच तोंडावर तो गोल बघून त्या गोंधळल्या. मग सकाळपासून ऐकलेलं सगळं त्यांनी मनात जुळवलं असणार, कारण एका हातात कप तसाच धरून, दुसरा कंबरेवर ठेवून त्या नानांकडे वळल्या.

"काय ओ," त्या म्हणाल्या, "जल्मभर कधी सरळ देखं नही, आनि आज डोया फाडीसन देखी राह्यनात? काय खोड काढी राह्यनात मन्ही?"

नवलभाऊ फिसकन हसले. नाना हसले नाहीत. लाल गोल अक्कांच्या चेहऱ्यावरून उचलला गेला आणि स्क्रीनवर आला. ख वर गेला. मी वाट बघत होते की आता पळेल, आता पळेल. गोल तिथेच. ख उमटला. मग ओकाराची मात्रा, मग ड. ना छताकडे, ना झाडाकडे; अक्कांना उत्तर द्यायचं म्हणून त्यांनी चाळीस वर्षांची सवय बाजूला ठेवली होती. मध्ये एकदा डोळ्यात पाणी आलं म्हणून थांबले, अक्कांनी पदराने पुसलं, की पुन्हा चालू. न. ह. दीर्घ वेलांटी. आणि मग त्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या बोलायच्या बटणाकडे सरळ, नजर न चोरता बघितलं.

मशीनमध्ये एका शहरी बाईचा आवाज भरलेला आहे, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. त्या आवाजात, अगदी स्पष्ट, मशीन म्हणालं, "खोड नही."

अक्का हातातला कप धरून उभ्या होत्या, त्यातला चहा हिंदकळून साडीवर सांडला तरी त्यांना कळलं नाही.

"काय म्हने ती?" त्यांनी मला विचारलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

"ती नाही अक्का, नाना म्हणाले," मी म्हटलं.

नानांनी पुन्हा बटणाकडे बघितलं. "खोड नही," मशीन म्हणालं.

अक्का तिथेच जमिनीवर बसल्या, नानांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि एकाच वेळी हसू आणि रडू लागल्या. "आते सांगतस!" त्या म्हणत होत्या. "चाळीस वरीसनंतर, आते सांगतस! आनि ते बी बाईमानुसना आवाजमा!" नाना बटणाकडे पुन्हा पुन्हा बघतच राहिले. सातव्यांदा मशीन "खोड नही" म्हणालं तेव्हा नवलभाऊ डोळे पुसत बाहेर जाऊन उभे राहिले.

पाच वाजताची गाडी चुकली. सातच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर बसले आणि फॉर्म भरला. रूपाताईंची काळजी होती, पण फोनवर मॅडम म्हणाल्या की दुसरा चष्मा दुरुस्त होऊन आलाय, तो शुक्रवारी जामनेरला न्यायचा.

"आणि पुना नानांच्या फॉर्मवर रुग्णाने लिहिलेला पहिला शब्द काय?" त्यांनी विचारलं. "नेहमीसारखं पाणी ना?"

"नाही," मी म्हटलं. "खोड नही."

"कुठली खोड? चष्म्यात काही बिघाड आहे का?"

"चष्म्यात नाही, मॅडम," मी म्हटलं. "कुणातच नाही. उद्या येऊन सांगते." आणि फॉर्मवर ते दोन शब्द नानांनी लिहिले होते तसेच लिहून मी खाली सही केली.